डाव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस : इतिहासातील येशू आणि श्रद्धेतील ख्रिस्त

येशू ख्रिस्ताची ऐतिहासिकता आणि त्याचे देवत्व यांविषयीच्या वादात दोन प्रश्नांची सरमिसळ नेहमीच होत आली आहे. येशू नावाचा पुरुष खरोखर होऊन गेला काय, हा एक प्रश्न. तो देव होता काय, हा दुसरा. परंतु या दोहोंच्या आधी एक तिसरा प्रश्न उभा राहतो. ज्या ग्रंथांच्या आधारे आपण येशूविषयी बोलतो, ते ग्रंथ कोणत्या जातीचे लेखन आहे? हा प्रश्न सर्व बाजूंनी लावून धरणारा आणि त्याची किंमत जन्मभर मोजणारा अभ्यासक म्हणून डाव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस या जर्मन पंडिताचे चरित्र लक्षात घेण्याजोगे आहे.

श्ट्राउसचा जन्म २७ जानेवारी १८०८ रोजी व्यूर्टेम्बर्ग राज्यातील लुडविग्सबुर्ग येथे झाला. ब्लाउबॉयरेनच्या विद्यालयात फ. क्रि. बाउर या थोर इतिहासकाराचे अध्यापन त्याला लाभले. पुढे ट्यूबिंगेन येथे ईश्वरविद्येचा अभ्यास पुरा करून १८३० मध्ये तो एका खेड्यात साहाय्यक धर्मोपदेशक झाला. हेगेलच्या तत्त्वज्ञानाने भारावलेला हा तरुण रविवारी शेतकऱ्यांपुढे उपदेश करी, आणि आपल्या मनातील अर्थ व श्रोत्यांच्या मनातील अर्थ वेगळे आहेत, हे त्याला ठाऊक असे. ही फसवणूक आहे की नाही, याची चर्चा तो क्रिस्टियान मेर्क्लिन या मित्राशी पत्रांतून करीत असे.

१८३१ मध्ये हेगेलची व्याख्याने ऐकण्यासाठी तो बर्लिनला गेला. पण त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला हेगेल निवर्तला. तरीही श्ट्राउस तेथे राहिला आणि श्लायरमाखरच्या येशूचरित्रविषयक व्याख्यानांची टिपणे त्याने मिळविली. ती वाचून त्याचे समाधान झाले नाही. ट्यूबिंगेनला परतल्यावर त्याने दोन खंडांत ‘येशूचे चरित्र : चिकित्सक विवेचन’ हा ग्रंथ लिहिला. १८३५ मध्ये पहिला खंड निघाला तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

या ग्रंथाचे नावीन्य नीट समजून घेतले पाहिजे. शुभवर्तमानांतील चमत्कारांविषयी तोवर मुख्यतः दोन पक्ष होते. परंपरावादी त्यांना जशीच्या तशी घडलेली घटना मानीत. पाउलुससारखे बुद्धिवादी म्हणत की, घटना घडली, पण ती नैसर्गिक होती; पाच हजारांच्या भोजनप्रसंगी येशूने जवळचे अन्न वाटताच इतरांनीही आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एवढेच. श्ट्राउसने दोन्ही पक्षांतील समान गृहीतच नाकारले. त्या कथेमागे घटना शोधण्याऐवजी त्याने जुन्या करारातील अलीशाची कथा पुढे ठेवली. वीस भाकरींत शंभर माणसे जेवून उरल्याचे तेथे सांगितले आहे. संदेष्ट्यांनी जे केले ते मसीहाने अधिक थोर प्रमाणात केलेच असणार, या अपेक्षेतून आद्य समुदायाच्या मनात कथा आकारास आली. रायमारुसने जेथे शिष्यांची लबाडी पाहिली होती, तेथे श्ट्राउसने समूहाची अजाणता घडलेली काव्यनिर्मिती पाहिली. तिला त्याने ‘मिथ’ म्हणजे पुराकथा म्हटले.

येशू झालाच नाही, असे मात्र श्ट्राउसने म्हटले नाही. ती भूमिका पुढे ब्रूनो बाउअरने घेतली. देवत्वाविषयी श्ट्राउसचे मत असे की, देव आणि मानव यांचे ऐक्य एका व्यक्तीत नव्हे, तर समग्र मानवजातीत साकार होते.

ग्रंथाच्या अखेरीस त्याने आपला जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. हे सारे उमगलेल्या धर्मोपदेशकाने काय करावे? त्याला चार वाटा दिसल्या. लोकांना आपल्या पातळीवर आणावे, आपण त्यांच्या पातळीवर जावे, पद सोडावे, किंवा लोकांच्या भाषेतच बोलून तिच्यातील आशय उलगडीत राहावे. चौथी वाट त्याला बरी वाटली, पण तीतही दांभिकतेचा दोष येण्याची भीती त्याने लपविली नाही. त्याचे पुढील आयुष्य म्हणजे याच वाटांची परीक्षा होय, असे मला वाटते.

चौथी वाट त्याने खेड्यात चालून पाहिली होती. तिसरी त्याच्यावर लादली गेली. १८३५ मध्येच ट्यूबिंगेनचे पद गेले. दुसरी त्याने तिसऱ्या आवृत्तीत (१८३८-३९) धरली आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रामाण्याबाबत सवलती दिल्या. १८३९ च्या आरंभी झुरिक विद्यापीठात त्याची नेमणूक झाली. पण लोकक्षोभ एवढा उसळला की, एकही व्याख्यान होण्यापूर्वी त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करण्यात आले. त्याच सप्टेंबरात ग्रामीण जनतेच्या उठावाने तेथील शासनही कोसळले. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत त्याने सवलती मागे घेतल्या. याच आवृत्तीवरून मेरी अ‍ॅन एव्हान्सने, म्हणजे पुढे जॉर्ज एलियट म्हणून ख्याती पावलेल्या लेखिकेने, १८४६ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. त्यावर तिचे नाव छापलेले नव्हते.

विद्यापीठाचे दार त्याला पुन्हा उघडले नाही. आग्नेझे शेबेस्ट या गायिकेशी १८४२ मध्ये झालेला विवाहही काही वर्षांतच विभक्ततेत परिणत झाला. त्याने हुटेन, रायमारुस, व्होल्तेअर यांची चरित्रे लिहिली. १८६४ मध्ये जर्मन जनतेसाठी नवे येशूचरित्र लिहून त्याने उरलेली पहिली वाटही चोखाळली. १८६५ मध्ये श्लायरमाखरच्या प्रकाशित व्याख्यानांवर टीका करताना श्रद्धेतील ख्रिस्त आणि इतिहासातील येशू ही जोडी त्याने शीर्षकातच मांडली. १८७२ च्या ‘जुनी आणि नवी श्रद्धा’ या ग्रंथात आपण आता ख्रिस्ती उरलो नाही, असे त्याने स्पष्ट केले. त्यावर १८७३ मध्ये नीत्शेने कडाडून हल्ला चढविला. ८ फेब्रुवारी १८७४ रोजी जन्मगावीच त्याचा अंत झाला.

श्ट्राउसच्या मर्यादा उघड आहेत. शुभवर्तमानांतील कथांची चिकित्सा त्याने केली, पण त्या ग्रंथांच्या परस्परसंबंधांची पुरेशी केली नाही, हा गुरू बाउरचा आक्षेप रास्त होता. मार्काचे शुभवर्तमान आधीचे, हे आज बहुमान्य असलेले मत त्याने स्वीकारले नव्हते. येशू होऊन गेला आणि पिलाताच्या अमलात वधस्तंभावर मेला, हे आज बहुतेक इतिहासकार मानतात. देवत्वाचा निर्णय इतिहासाच्या साधनांनी होत नाही, हेही मानतात. या दोन विधानांमधील सीमारेषा ठळक करण्यात श्ट्राउसचा वाटा मोठा आहे.

महिपतीच्या ‘भक्तविजया’सारख्या आपल्याकडील संतचरित्रांच्या अभ्यासकालाही हा विवेक उपकारक ठरावा. कथा खरी की खोटी, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणाच्या मनात, कोणत्या पूर्वकथेवरून उमलली, हे विचारावे लागते. हा प्रश्न भाविकांच्या समाजात राहून प्रामाणिकपणे कसा विचारावा, याचे उत्तर मात्र श्ट्राउसला चारही वाटा चालून सापडले नाही.