सानेगुरुजींची अक्षरसेवा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ साली ते अमळनेरला शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे आवरावीत, खोल्या झाडाव्यात आणि त्यांना वाचायला स्वहस्ते लिहून छात्रालय दैनिक काढावे, असा त्यांचा क्रम. आधी माया, मग अक्षर!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बंदिवानांना गीता सांगत, गुरुजी ती उतरून घेत. आम्ही कीर्तनकार जाणतो, बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. लिहून घेणारा भेटला म्हणून ती अठरा प्रवचने भिंतीबाहेर आली, घरोघर वाचली गेली. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

१९४७ च्या मे महिन्यात, अस्पृश्य मानलेल्या बांधवांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून त्यांनी पंढरपुरी उपोषण मांडले. त्याच वर्षी ते दार उघडले. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले.

वारकरी हो, देव असो की अक्षर, दाराबाहेर कोणी राहू नये, हीच त्यांची वारी होती. शेजारच्या पोराला एक पान वाचायला शिकवाल, तर तीही त्याच वाटेची पायपीट आहे, असे आम्ही मानतो.