अ‍ॅनिमेच्या वंशवृक्षाचा मूळपुरुष

एखादी जपानी अ‍ॅनिमे मालिका मनात घर करून गेली, की तिच्यासारखी दुसरी कोणती पाहावी, हा प्रश्न चाहत्याला पडतोच. उत्तरे बहुधा वरवरच्या साम्यावरून दिली जातात. यंत्रमानवाची मालिका आवडली तर यंत्रमानवाचीच दुसरी, तलवारबाजीची आवडली तर तलवारबाजीचीच दुसरी. प्रत्यक्षात पाहणाऱ्याला भिडलेली असते ती कथेमागची व्यथा, तिने उभा केलेला प्रश्न. हा प्रश्न हाती धरून मालिकांचा माग काढत मागे गेले, तर अनेक वाटा एकाच माणसापाशी येऊन थांबतात. त्याचे नाव ओसामू तेझुका.

शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने कथाकार आणि हट्टाने चित्रपटनिर्माता असलेला हा कलावंत ९ फेब्रुवारी १९८९ रोजी वयाच्या ६० व्या वर्षी निवर्तला. मागे राहिली सुमारे दीड लाख पृष्ठांची चित्रकथा, दूरचित्रवाणीवरील मालिकांची एक नवी परंपरा आणि त्या परंपरेसोबत आलेले काही कटू वाद. जपानमध्ये त्यांना ‘मांगाचा देव’ म्हटले जाते. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, की या देवत्वामागचा अस्वस्थ, स्पर्धाळू आणि अखंड राबणारा माणूस दिसू लागतो.

किडे, रंगभूमी आणि युद्ध

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातील तोयोनाका येथे झाला. बालपण मात्र जवळच्याच ताकाराझुका या गावी गेले. तेथील नाट्यसंस्थेत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. आई त्यांना ही नाटके पाहायला नेत असे. वडिलांकडे घरगुती प्रक्षेपक होता आणि त्यावर डिस्ने व चॅप्लिन यांचे चित्रपट दाखवले जात. कुरळ्या केसांच्या, चष्मा लावणाऱ्या या मुलाला शाळेत चिडवले जाई. मात्र त्याच्या वहीतील चित्रे पाहिल्यावर चिडवणारे गप्प होत. किड्यांचे वेड तर इतके, की आपल्या नावाच्या लेखनात त्यांनी ‘कीटक’ या अर्थाचे चिन्ह जोडून घेतले. पुढे त्यांनी काढलेल्या चित्रपटसंस्थेचे नावही ‘मुशी’, म्हणजे कीटक, असेच होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना युद्धसाहित्याच्या कारखान्यांत राबवले जात होते. त्यांत किशोरवयीन तेझुकाही होते. जून १९४५ मधील ओसाकावरच्या बॉम्बहल्ल्यातून ते थोडक्यात वाचले. जळणारे शहर आणि माणसांच्या प्रेतांचे ढीग त्यांनी जवळून पाहिले. जीव इतका स्वस्त कसा होतो, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या मनात रुतून बसला. त्यांची पुढची बहुतेक कथा याच प्रश्नाभोवती फिरते.

स्टेथोस्कोप की पेन?

१९४५ मध्ये त्यांनी ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. जानेवारी १९४६ मध्ये बालवाचकांच्या वृत्तपत्रात त्यांची पहिली चित्रपट्टी सुरू झाली, तर १९४७ मध्ये ‘शिन ताकाराजिमा’ हे चित्रकथेचे पुस्तक आले. त्यातील गाडी पानावर स्थिर नव्हती, ती वाचकाच्या दिशेने धावत येत होती. दृश्य जवळ आणणे, दूर नेणे, कोन बदलणे ही चित्रपटाची भाषा त्यांनी कागदावर आणली. या पुस्तकाला अभूतपूर्व खप लाभला आणि ते वाचून चित्रकार होण्याचे ठरवणारी एक पिढीच तयार झाली.

तेझुका यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले नाही. ते पूर्ण करून त्यांनी परवान्याची परीक्षा दिली, ते उत्तीर्ण झाले आणि १९६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेटही मिळवली. दवाखाना मात्र कधीच थाटला नाही.

अ‍ॅटम: माणूस कोणाला म्हणायचे?

१९५२ मध्ये ‘शोनेन’ या मासिकात ‘तेत्सुवान आतोमु’ ही चित्रकथा सुरू झाली. जगाला ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने परिचित आहे. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ तेन्मा त्याच्यासारखा हुबेहूब यंत्रमानव घडवतो. पण हा मुलगा कधी मोठा होणार नाही, हे लक्षात येताच त्याला सर्कशीला विकून टाकतो. प्राध्यापक ओचानोमिझु त्याला सोडवतात. वरकरणी ही साहसकथा आहे. तिच्या तळाशी आहे ते नाकारलेल्या मुलाचे दुःख आणि यंत्रांना हलके लेखणाऱ्या माणसांच्या जगात त्याची चाललेली न्यायाची धडपड.

ज्याला अ‍ॅटम आवडला, त्याने पुढे ‘प्लूटो’ पाहावी. नाओकी उरासावा यांनी अ‍ॅटमच्या एका कथाभागावरून ही चित्रकथा प्रौढांसाठी नव्याने रचली. तिची ८ भागांची मालिका २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. यंत्राला द्वेष वाटू शकतो का, आणि वाटला तर ते माणूस झाले असे म्हणायचे का, असे ती विचारते. देह यंत्राचा झाल्यावर ‘मी’ कुठे उरतो, हे ज्यांना तपासायचे आहे, त्यांच्यासाठी २००२ ची ‘घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ आहे.

राजपुत्राच्या वेशातील राजकन्या

ताकाराझुकाच्या रंगमंचाचे ऋण तेझुका यांनी १९५३ मध्ये फेडले. मुलींच्या मासिकात सुरू झालेल्या ‘रिबोन नो किशी’ या चित्रकथेतील राजकन्या सफायर हिच्या शरीरात मुलीचे आणि मुलाचे अशी दोन हृदये आहेत. राज्याचा वारस पुरुषच असावा, या नियमापायी तिला राजपुत्र म्हणून वावरावे लागते. मुलींसाठीच्या चित्रकथेला यातून साहसाचे आणि दीर्घ कथानकाचे बळ मिळाले.

सफायरची थेट वारस म्हणजे ‘रोझ ऑफ व्हर्साय’मधील ऑस्कर. रियोको इकेदा यांच्या चित्रकथेवरील ही मालिका १९७९ मध्ये सुरू झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सेनापती बापाने मुलगा म्हणून वाढवलेली ही तरुणी अखेर आपली बाजू स्वतः निवडते. १९९७ च्या ‘रिव्होल्युशनरी गर्ल उतेना’मधील नायिकेला तर राजकुमारीऐवजी राजकुमारच व्हायचे असते. तिन्ही कथांत पोशाखाच्या आडून एकच प्रश्न येतो. मुलीने काय व्हायचे, हे ठरवायचे कोणी?

तोकिवा-सो आणि डोरेमॉन

१९५३ मध्ये तेझुका तोक्योतील तोकिवा-सो या साध्या लाकडी इमारतीत राहायला आले. त्यांनी सोडलेल्या खोलीत पुढे ‘फुजिको फुजिओ’ या जोडनावाने लिहिणारे दोन तरुण राहू लागले. त्यांतील एकाने डोरेमॉन घडवला, तर दुसऱ्याने निन्जा हातोरी. हिंदी भाषांतरातून या दोन्ही मालिका भारतातील घराघरांत पोहोचल्या. मुंबई-पुण्यातील ज्या मुलांना तेझुका हे नाव ठाऊक नाही, तीही अशा रीतीने त्यांच्या शेजारघरातच वाढली आहेत.

धाकट्यांना हात देणाऱ्या तेझुका यांना त्यांचाच हेवाही वाटे. शोतारो इशिनोमोरी यांच्या ‘जून’ या प्रयोगशील चित्रकथेवर त्यांनी टीका केली. इशिनोमोरी दुखावले गेल्याचे कळताच तेझुका स्वतः त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. कोणीही नवे काही करून दाखवले, की ते आपल्यालाही जमले पाहिजे, ही त्यांची जिद्द आणि तोच त्यांचा शाप होता.

स्वस्त चित्रांची महाग किंमत

१ जानेवारी १९६३ रोजी मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमु’ फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाची चलच्चित्र मालिका देणे त्या काळी अशक्यप्राय मानले जाई. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी लागतात. तेझुका यांनी एक चित्र तीन चौकटींना वापरून सेकंदाला ८ चित्रांवर काम भागवले. बोलताना केवळ ओठ हलवायचे, उडण्याची दृश्ये जपून ठेवून पुन्हा वापरायची, अशा युक्त्या योजल्या. मालिका १९६६ च्या अखेरपर्यंत १९३ भाग चालली आणि अमेरिकेतही दाखवली गेली.

मात्र वाहिनीकडून मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी होती. तूट अ‍ॅटमच्या खेळण्यांतून आणि चॉकलेटसोबतच्या चित्रांतून भरून काढली जाई. ज्यांच्या मागे असा लोकप्रिय नायक नव्हता, त्या निर्मात्यांनाही पुढे कमी दरातच काम करावे लागले, असा आक्षेप घेतला जातो. हायाओ मियाझाकी यांनी तर तेझुका यांच्या निधनानंतर लगेचच, श्रद्धांजलीच्या सुरात सूर न मिसळता, त्यांच्या चित्रपटकार्याची परखड चिकित्सा केली. चित्रकारांच्या तुटपुंज्या मोबदल्याचे सारे खापर एका माणसावर फोडणे योग्य नाही. पण या व्यवसायाचा पाया काटकसरीवर घातला गेला, हे नाकारताही येत नाही.

१९६५ मध्ये पांढऱ्या सिंहाची ‘जंगल तैतेई’ ही रंगीत मालिका आली. १९९४ मध्ये डिस्नेचा ‘द लायन किंग’ प्रदर्शित झाल्यावर दोहोंतील साम्यावरून जपानी चित्रकारांनी निषेध नोंदवला. डिस्नेने अनुकरणाचा आरोप फेटाळला आणि तेझुका यांच्या संस्थेने न्यायालयात न जाणे पसंत केले.

कर्जात रुतलेली मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. एका कलावंताच्या आयुष्यातील तो सर्वांत काळा काळ होता. पण फुटलेल्या बोंडातील बी जसे दूरवर जाऊन रुजते, तसे मुशीतून बाहेर पडलेल्यांचे झाले. १९७२ मध्येच त्यांच्यातील काहींनी मॅडहाउस ही संस्था काढली, तर काहींनी सनराइज. अ‍ॅटमवर काम केलेल्या योशियुकी तोमिनो यांनी १९७९ मध्ये ‘गंडम’ घडवली. ओसामू देझाकी यांनी ‘रोझ ऑफ व्हर्साय’चा उत्तरार्ध दिग्दर्शित केला. मॅडहाउसच्या संस्थापकांपैकी मासाओ मारुयामा यांनी २०११ मध्ये मापा स्थापन केली. ‘प्लूटो’च्या निर्मितीमागेही तेच होते.

परवाना नसलेला डॉक्टर

संस्था बुडाली त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेझुका यांचे दिवस सरले असे मानले जात असताना ‘ब्लॅक जॅक’ सुरू झाली. बालपणीच्या स्फोटाचे व्रण चेहऱ्यावर वागवणारा हा शल्यचिकित्सक अफाट शुल्क घेतो, पण त्याच्याकडे परवाना नाही. परवाना असून कधीही दवाखाना न चालवणाऱ्या डॉक्टरने परवाना नसलेला डॉक्टर रंगवावा, यातील उपरोध सूचक आहे. रुग्णाला वाचवणे म्हणजे नेमके काय, आणि मरणाला कुठवर अडवायचे, हे प्रश्न या कथा पुनःपुन्हा विचारतात.

या चाहत्यांसाठी पुढची पायरी म्हणजे उरासावा यांच्याच चित्रकथेवर मॅडहाउसने २००४ मध्ये आणलेली ७४ भागांची ‘मॉन्स्टर’. जर्मनीतील एक जपानी मेंदूशल्यविशारद महापौराऐवजी एका मुलाचा जीव वाचवतो. तो मुलगा पुढे खुनी निघतो. या डॉक्टरचे आडनावही तेन्माच आहे.

‘दोरोरो’मध्ये सत्तेपायी बाप नवजात मुलाचे अवयव राक्षसांना देऊन टाकतो. वाढलेला मुलगा एकेका राक्षसाला मारून ते परत मिळवतो. २०१९ मध्ये ही कथा मापाने नव्याने साकारली. गमावलेले शरीर परत मिळवताना माणूसपण हरवू नये, हाच ध्यास ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधील दोन भावांचाही आहे. म्हणूनच एक मालिका आवडलेल्याने दुसरी चुकवू नये.

बुद्ध आणि अग्निपक्षी

१९७२ ते १९८३ या काळात तेझुका यांनी ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा रेखाटली. सिद्धार्थाच्या जन्माआधी तिच्यात शूद्र मुलगा चाप्रा आणि त्याहूनही तळाच्या स्तरातील तात्ता ही काल्पनिक पात्रे येतात. जातिव्यवस्थेच्या तळापासून बुद्धाकडे पाहणारी ही मांडणी मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. तिच्या इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ मध्ये आयस्नर पुरस्कार मिळाले.

‘हि नो तोरी’, म्हणजे अग्निपक्षी, हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. ज्याचे रक्त प्यायल्याने अमरत्व मिळते, त्या पक्ष्यामागे धावणाऱ्या माणसांची ही कथा कधी प्राचीन काळात, तर कधी दूरच्या भविष्यात घडते. अमर होणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एकटेपण येते. २०२१ मध्ये आलेली ‘टू युवर इटर्निटी’ हेच एकटेपण एका न मरणाऱ्या जीवाच्या डोळ्यांनी दाखवते.

अखेरचे पान

तेझुका यांना पोटाचा कर्करोग झाला होता. त्या काळातील जपानी रिवाजानुसार रुग्णाला रोगाचे नाव सांगितले गेले नाही. ब्लॅक जॅकच्या जनकाला स्वतःच्या आजाराबद्दल अंधारात राहावे लागले. तरीही रुग्णशय्येवर त्यांचे रेखाटन सुरूच होते. बीथोव्हेनच्या जीवनावरील ‘लुडविग बी’, ‘निओ फाउस्ट’, ‘ग्रिंगो’ आणि अग्निपक्षी या साऱ्या कथा अपूर्ण राहिल्या.

१९९४ मध्ये ताकाराझुका येथे त्यांचे संग्रहालय उभे राहिले, तर १९९७ पासून त्यांच्या नावाने मांगा पुरस्कार दिला जातो. त्यांचे खरे स्मारक मात्र पडद्यावर आहे. तेझुका यांची एक लकब होती. आपली पात्रे ते नटांसारखी वापरीत. एका कथेतील मिशाळ गुप्तहेर दुसऱ्या कथेत वेगळ्याच भूमिकेत येई. चेहरा ओळखीचा, वेश नवा. त्यांच्या प्रश्नांचेही तसेच झाले. ते नव्या मालिकांत नवे वेश घेऊन येत राहिले. पुढची मालिका शोधणाऱ्या चाहत्याने वेशाकडे फार न पाहता हा ओळखीचा चेहरा शोधावा. निवड सहसा चुकणार नाही.