टाक्याचे डॉ. शिरोडकर गर्भनलिकाही दुरुस्त करायचे!

गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालतात तो ‘शिरोडकर टाका’ जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. 1955 साली तो मांडणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म 1899 चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, 1931 ला विलायतेत एफआरसीएस झाले आणि परत येऊन तिथेच प्राध्यापकी केली.

त्यांचं दुसरं काम मात्र टाक्याच्या नावाखाली झाकलं गेलं. बंद पडलेल्या गर्भनलिका ते शस्त्रक्रियेने मोकळ्या करायचे. तेव्हा दोन्ही नळ्या काढल्या की मूल होण्याची आशाच संपायची. पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं 1978 ला. पद्मविभूषण शिरोडकर 1971 लाच गेले होते.

आज हिशोब उलटा झालाय. पाणी भरून फुगलेली नळी आयव्हीएफच्या आधी बऱ्याचदा काढूनच टाकतात, कारण ते पाणी गर्भाशयात उतरलं की गर्भ रुजण्याची शक्यता घटते. मग बीजकोशाचं काय? त्याला रक्त दोन वाटांनी येतं, त्यातली एक नळीच्या अगदी कडेने जाते. म्हणून सर्जन नळीला चिकटूनच काप घेतात. ते नीट जमलं तर पाळी चालू राहते, बीजंही तयार होतात. तरी आधी एएमएच तपासलेलं बरं.

नळी सुधारली तर दरमहा संधी मिळते. आयव्हीएफला दर वेळी इंजेक्शनं, सोनोग्राफी, खर्च. मेळघाटातल्या सेमाडोहहून अमरावती गाठणाऱ्या जोडप्याला हा फरक लगेच कळेल. निवडक बायकांमध्ये नळीची दुरुस्ती म्हणूनच आजही करतात.