गुरुजी आणि पायाचे तळवे

स्मरणिकेसाठी चार शब्द लिही, असा आपल्या चिटणीसबाईंचा दोन वर्षे आग्रह चालला होता. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि गोठा सांभाळणारी बाई. मी काय लिहिणार? पण यंदा साने गुरुजींविषयी मनात काही साठले आहे, ते जमेल तसे लिहिते.

गुरुजींचे नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणात दापोलीजवळ पालगडला. घराणे खोताचे, पण कर्जापायी घराला उतरती कळा लागलेली. ‘श्यामची आई’तला श्याम म्हणजे गुरुजीच आणि आई म्हणजे त्यांच्या मातोश्री यशोदाबाई. त्यातली तळव्यांची गोष्ट ठाऊक नाही अशी आपल्यात कोणी नसेल. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरते, त्यावर पाय टिपू देते, आणि मग सांगते की पायाला जपतोस तसाच मनालाही घाण लागू नये म्हणून जप.

ही गोष्ट मी माझ्या धाकट्याला बालवाडीपासून सांगत आले. आता तो आठवीत आहे. वहीत एक अक्षर चुकले तर अख्खे पान फाडतो आणि रात्री अकरापर्यंत पुन्हा लिहीत बसतो. वर्गातली मुले त्याला मुळूमुळू रडणारा म्हणून चिडवतात. त्याच्यासाठी म्हणून मी पुस्तक पुन्हा हाती घेतले, आणि या वेळी मला श्यामची काळजी वाटू लागली.

दुसरी गोष्ट पोहण्याची. श्याम विहिरीला भ्यायचा. सगळी मुले उड्या मारीत आणि हा घरात लपून बसे. आईने त्याला बाहेर ओढून शिंपटीने मारले आणि पोहायला पाठवले. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नव्हते. पोहून आल्यावर तिने माया केली हे खरे. त्या काळची आई होती, तिला मी नावे ठेवीत नाही. मी तरी काय वेगळे केले? चिडवणारी मुले बाजूलाच राहिली आणि मी माझ्याच पोरावर ओरडले.

पुढे श्याम शिक्षणासाठी औंधला गेला, हाताने भाकरी थापून राहिला, मग पुण्याला आला. १९१७ साली आई वारली, तेव्हा तो जवळ नव्हता. ते दुःख त्यांच्या मनातून कधी गेले नाही. एम. ए. होऊन १९२४ साली गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडायच्या, कपडे धुवायचे, कंदील पुसायचे, आणि वर मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे! मुलांना आईच मिळाली. पण या आईला विसावा कोण देणार?

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली. दिवसा काम आणि रात्री लेखन. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात ते दहा दिवस उपाशी राहिले आणि मंदिर खुले झाले. दुसऱ्या वर्षी गांधीजींची हत्या झाली. गोळी झाडणारा दुसराच, पण प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण गुरुजींनी केले. समाजाची घाण जणू यांच्याच तळव्यांना लागली होती.

१५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक काढले. बाहेरून काम चालू होते, आतून ते खचत चालले होते. त्यांच्या लिखाणाला रडके म्हणून हसणारेही होतेच. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, मुंबईला त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यांच्या मागे आचार्य जावडेकर आणि आपल्या नगरचे रावसाहेब पटवर्धन यांनी ‘साधना’ सांभाळले.

आपल्या घरांत ‘श्यामची आई’ वाचतात, पण हा शेवट मुलांना कोणी सांगत नाही. मलाही लाज वाटे. जणू त्याने गुरुजी लहान होतील. आता तसे वाटत नाही. मन आजारी पडते, चांगल्या माणसाचेही पडते. त्या काळी मनाच्या दुखण्याला डॉक्टर शोधायची रीत आपल्याकडे नव्हती. आज तशी सोय आहे, म्हणून शेजारपाजारचे काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवून आम्ही मुलाला नगरला दाखवले. दर पंधरा दिवसांनी एस. टी. ने जातो. मी वर्गशिक्षकांनाही भेटले; चिडवणे थोडे कमी झाले आहे, थांबलेले नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. त्याच खिन्न दिवसांत गुरुजी बोर्डीला राहणाऱ्या आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत होते. फुले, पाखरे, समुद्र, सगळे त्यांत आहे. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती छापली आहेत. शेजारच्या गुरुजींकडून मागून आणून मी रोज एक पत्र मुलाला वाचून दाखवते. वाचताना माझे जोडाक्षर अडखळते, तेव्हा तो हसतो आणि मला सांगतो.

मंडळाच्या कपाटात ‘श्यामची आई’च्या दोन प्रती आहेत, ‘सुंदर पत्रे’ नाहीत. यंदाच्या वर्गणीतून तेवढी घ्यावीत, अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे.