चार खेचरं आणि एक ट्राम

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत लिहायचं म्हटलं की पोटात गोळाच येतो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. गेल्या सेमिस्टरला मशीन्स लॅबमध्ये अख्ख्या बॅचसमोर माझी मोटर बंद पडली. त्या रात्री होस्टेलवर रडत बसले होते, तेव्हा लायब्ररीतल्या एका पुस्तकात मला फ्रँक स्प्रेग भेटला.

जन्म १८५७, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. लहानपणीच आई गेली. १८७८ मध्ये तो नेव्हल अकॅडमीतून पास झाला. पुढे एडिसनकडे नोकरी केली, पण वर्षभरात ती सोडून १८८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली.

१८८७ मध्ये रिचमंड शहराची ऑर्डर मिळाली. १२ मैलांच्या मार्गासाठी वीजघर, तारा आणि ४० गाड्या, मुदत फक्त ९० दिवस! त्यातच त्याला टायफॉइड झाला. बरा होऊन आला तर समोर १० टक्क्यांचे चढ. रात्रीच्या चाचणीत गाडी चढ तर चढली, पण मोटर निकामी झाली. भोवती ही गर्दी. स्प्रेगने शांतपणे सांगितलं की किरकोळ बिघाड आहे, उपकरणं मागवली आहेत. मग दिवे मालवून तो गाडीतच आडवा झाला. लोक कंटाळून घरी गेले, तेव्हा उपकरणं आली: चार खेचरं! त्यांनी गाडी ओढत परत नेली.

पण तो थांबला नाही. गिअर बदलले, खिशाला भलीमोठी खोट सोसली आणि २ फेब्रुवारी १८८८ ला सेवा सुरू केली.

बोस्टनच्या घोड्यांच्या ट्रामचे मालक व्हिटनी यांना ब्रुकलाइन या उपनगरापर्यंत लाईन न्यायची होती. एकाच जागी खूप गाड्या सुरू झाल्या तर वीज पुरेल का, ही त्यांची शंका. स्प्रेगने मध्यरात्री २२ गाड्या एकामागे एक उभ्या करून चालवून दाखवल्या. १८८९ मध्ये ब्रुकलाइनच्या बीकन स्ट्रीटवर विजेची ट्राम धावू लागली. आजही तिथे बोस्टनची ग्रीन लाईन धावते. तोवर शहर घोड्याच्या दमाएवढंच वाढत होतं. आता शेतं होती तिथे घरं झाली.

१८९० मध्ये एडिसनच्या कंपनीने त्याची कंपनी घेतली आणि यंत्रांवरून स्प्रेगचं नाव गेलं. तरी १८९७ मध्ये त्याने नवी पद्धत आणली: अनेक डब्यांना मोटरी, सगळ्यांचा ताबा एका केबिनमधून. चाचणीत ते कंट्रोल त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने चालवले! १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला धावलेली आपली पहिली विजेची लोकल याच तत्त्वावरची. आजची लोकलही. १९३४ मध्ये तो वारला.

मी प्रॅक्टिकल पुन्हा केलं. फील्डची वायर सैल होती, बस्स इतकंच! दोस्तांनो, कधी रात्री खेचरं बोलवावी लागली तर खुशाल बोलवा. फक्त सकाळी गाडीपाशी परत जा.