तोंगकात अलीच्या बाटलीवरचा जॅक

सिंगापुरात राहून तोंगकात अलीचे नाव ऐकले नाही असा पुरुष विरळाच. कॉफीच्या पाकिटावर, कॅप्सूलच्या बाटलीवर ते दिसते आणि आपण वाचून न वाचल्यासारखे करतो. आपल्याकडे सफेद मुसळीचे जे स्थान, तेच मलय लोकांत या कडूजहर मुळाचे. (मुसळीच्या शास्त्रीय नावात आपले बोरिवली दडले आहे, हे जाता जाता.) मूळ उकळून काढा घ्यायचा, पुरुषांच्या ताकदीसाठी आणि तापावरही. त्याचे शास्त्रीय नाव युरिकोमा लाँगिफोलिया जॅक. यातला जॅक कोण, हे आम्ही शोधले.

विल्यम जॅक १७९५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीनला जन्मला. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन म्हणून १८१३ साली तो बंगालमध्ये आला आणि नेपाळच्या युद्धातही गेला. पण जीव सगळा झाडापानांत! १८१८ साली कलकत्त्यात रॅफल्सशी गाठ पडली आणि रॅफल्सने त्याला सुमात्राला नेले. १८१९ च्या जूनमध्ये दोघे सिंगापुरात होते. वसाहत तेव्हा जेमतेम चार महिन्यांची. इथल्या रानातच जॅकला मोठी घटपर्णी सापडली. तिला त्याने रॅफल्सचे नाव दिले.

१८२२ साली सुमात्रातील बेंकुलेन येथे छापलेल्या एका संग्रहात त्याने युरिकोमाचे वर्णन केले. उंच सडपातळ झाड, लांब पाने शेंड्याला. आज काही छोट्या चाचण्यांत त्याचा टेस्टोस्टेरॉनवर थोडा परिणाम दिसला आहे, पण बाटलीवर झाडाचे नाव असले म्हणजे आत झाडच असते असे नाही. २००८ साली इथे पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या म्हणून विकलेल्या गोळ्यांत मधुमेहाचे औषध निघाले. साखर एकदम उतरून सुमारे दीडशे जण रुग्णालयात गेले, चार दगावले. तेव्हा संकोच सोडून आधी डॉक्टरांना विचारा, एवढे आम्ही हक्काने सांगतो.

जॅकला मात्र फार वेळ मिळाला नाही. क्षय आणि हिवतापाने पोखरलेला हा डॉक्टर हवापालटासाठी केपला निघायच्या बेतात होता. १५ सप्टेंबर १८२२ रोजी बेंकुलेनलाच, जहाजावर, तो गेला. वय अवघे २७. त्याचे बहुतेक कागद आणि वाळवलेली झाडे रॅफल्सच्या सामानाबरोबर फेम जहाजावर चढली आणि फेब्रुवारी १८२४ मध्ये आगीत जळाली. उरले ते आधी छापून झालेले आणि मित्रांना पाठवलेले. युरिकोमाचे वर्णन छापले गेले होते, म्हणून त्या बाटलीवर त्याचे नाव आहे.