पडदानशीन स्त्रियांची कैवारी : कॉर्नेलिया सोराबजी

न्याय मागावयास निघालेल्या गरिबाच्या वाटेत दोन धोंडे असतात; एक दारिद्र्याचा व दुसरा अज्ञानाचा. कज्जा खरा असूनही वकिलाची फी देण्यास गाठीस दमडी नसते, आणि कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उठविलेला असतो. अशा माणसाची बाजू मोबदल्याची आशा न धरता जे वकील घेतात, त्यांचे उपकार आपण फार लवकर विसरतो. यास्तव आमच्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका ख्रिस्ती बाईचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे पारशी कुळातले. ख्रिस्ताचा स्वीकार केल्यावर ते चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात आयुष्यभर राबले. मातोश्री फ्रान्सिनाबाई ह्यांनी पुण्यास शाळा काढल्या होत्या, आणि दुःखी स्त्रिया सल्ला विचारावयास त्यांच्या घरी येत. तशीच एक श्रीमंत विधवा एकदा आली. तिच्या कारभाऱ्याने तिच्याकडून कागदावर सही घेऊन तिची मिळकत गिळंकृत केली होती. मुलीने हे सारे पाहिले, आणि अशा बायांना साहाय्य करावयाचे तर कायदा शिकला पाहिजे, हे आईने तिच्या मनावर बिंबविले.

हे शिकणे सोपे नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शेकडो मुलांत ही एकटी मुलगी होती, आणि काही विद्यार्थी तिच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत. तरी १८८७ साली ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली व मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या गुणांस मिळावयाची, परंतु ती स्त्री म्हणून नाकारली गेली. अहमदाबादेस काही काळ शिकवून, व इंग्लंडातील हितचिंतकांनी जमविलेल्या पैशांवर, ती १८८९ साली ऑक्सफर्डला पोहोचली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई ह्या त्या हितचिंतकांपैकीच एक होत्या. १८९२ साली तिने तेथील कायद्याची वरिष्ठ परीक्षा दिली. ती देणारी ती पहिली स्त्री. मात्र स्त्रियांस पदवी देण्याचा नियम नव्हता, म्हणून पदवी हाती पडावयास तीस वर्षे लागली.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी जे काम हाती घेतले त्याचे मर्म वाचकांनी नीट समजून घ्यावे. त्या काळी थोर घराण्यांतील पुष्कळ स्त्रिया पडद्यात राहत. परपुरुषाने त्यांचे तोंड पाहावयाचे नाही, आणि वकील तर सारे पुरुष! तेव्हा विधवेची गाऱ्हाणी वकिलापर्यंत जात ती दिवाणजीच्या किंवा दिराच्या तोंडून, आणि अनेकदा ज्याने लुबाडले तोच तिचा मुखत्यार असे. पडद्याखालून कागद आत सरके, सही होऊन बाहेर येई, व गावच्या गाव हातचे निघून जाई. अशा घरांत कॉर्नेलियाबाई स्त्री म्हणून सरळ आत गेल्या, बायांच्या शेजारी बसल्या, त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकली व कागद वाचून त्यांचा अर्थ सांगितला. काठेवाड व इंदूर येथील पोलिटिकल एजंटांपुढे अशा स्त्रियांच्या वतीने अर्ज मांडण्याची खास परवानगी त्यांस मिळाली होती. कित्येकींकडून त्यांनी फी घेतली नाही.

आणि हे करणाऱ्या बाईस स्वतःस सनद नव्हती! १८९७ साली त्या मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्. बी. झाल्या, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षाही उतरल्या. पण स्त्रीस वकील म्हणून नोंदविता येईना. त्या निराश झाल्या नाहीत. पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारने स्त्री कायदेसल्लागार नेमावी असा तगादा त्यांनी लाविला, आणि १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अज्ञान वारसांच्या व विधवांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढ्या मुलखात त्या हिंडल्या. सुमारे वीस वर्षांच्या सेवेत सहाशेंच्या आसपास स्त्रिया व अनाथ मुले त्यांच्या साहाय्याने आपल्या हक्कास पोहोचली असे सांगतात. १९०९ साली त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांस वकिलीचे दार उघडले, व त्यानंतर कलकत्ता हायकोर्टात त्यांचे नाव नोंदले गेले. तेव्हा त्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. कोर्टात उभे राहण्याचा प्रसंग क्वचितच येई. बहुधा लेखी मत देण्याचेच काम त्यांच्याकडे येत असे. राष्ट्रीय चळवळीस त्यांनी विरोध केला, त्यामुळे अनेक देशबांधव दुरावले. त्यांच्या ह्या मताशी आम्ही सहमत नाही, परंतु त्यामुळे त्यांची सेवा लहान होत नाही. १९२९ साली त्या निवृत्त होऊन लंडनला राहिल्या व ६ जुलै १९५४ रोजी तेथेच निधन पावल्या.

प्रिय वाचकहो, शुभवर्तमानातील ती विधवा न्यायाधीशाच्या दारी एकटीच वारंवार जात होती. तिच्याबरोबर बोलणारे कोणी नव्हते. आज तशी स्थिती राहिलेली नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला व १९९५ पासून अमलात आला. त्यान्वये कोणतीही स्त्री, कोणतेही बालक, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग व कैदेत असलेले ह्यांस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज पुरे. जमिनीच्या किंवा पोटगीच्या चिंतेत असलेल्या भगिनीस उपदेशकांनी हे सांगावे, गरज पडल्यास बरोबर जावे, आणि न समजलेल्या कागदावर अंगठा देऊ नये असे बजावावे. आणि जे वकील पदरमोड करून गरिबांसाठी उभे राहतात, त्यांची नावे मंडळीत आदराने घेतली जावीत. त्यांचा मेहनताना आपण देऊ शकत नाही; कृतज्ञता तरी देऊ या.